किंमत दिल्लीची, बियाणे कुणाचे?

खरिपाच्या तोंडावर शिंदखेडा तालुक्यातला शेतकरी कृषी सेवा केंद्रातून बीटी कपाशीचे जे पाकीट घेतो, त्याची किंमत दिल्लीत ठरलेली असते. २०२४ साली ४७५ ग्रॅमच्या पाकिटाला कमाल ८६४ रुपये होते, २०२५ साली ९०१. दोंडाईचा असो, नरडाणा असो की बेटावद, कायद्याने दर एकच. विक्री कोणत्या तारखेपासून करायची हे राज्याचे कृषी खाते सांगते. जनुकाला परवानगी द्यायची की नाही हे केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयातली समिती ठरवते. पाकिटांवर कंपन्यांची आणि वाणांची नावे शेकड्यांनी सापडतील, पण आत जवळपास सगळीकडे तीच दोन जनुके आहेत, ज्या जोडीला २००६ साली मान्यता मिळाली. किंमत, तारीख आणि परवानगी या तिन्ही गोष्टी सरकारच्या हातात आहेत; बियाणे तेवढे सरकारचे नाही.

विकसनशील देशाने जैवतंत्रज्ञान संशोधनावर किती खर्च करावा, या चर्चेत राष्ट्रीय उत्पन्नाचे टक्के पुष्कळ मोजले जातात. पैसा कमी पडतो हे खरेच आहे. पण तो कुठपर्यंत पोचतो, हा प्रश्न मला त्याहून मोठा वाटतो. प्रयोगशाळेत जनुक हाती लागणे आणि शिंदखेड्यातल्या विखरणच्या हलक्या रानात त्याचे पीक उभे राहणे, यांत दहा-वीस वर्षांचे काम असते. त्यातला पहिला अर्धा भाग आपण सरकारी समजलो आणि उरलेला बाजारावर सोडून दिला. या सोडून देण्याची किंमत कोरडवाहू खान्देशाने मोजली आहे.

१९८६ हे वर्ष इथे आठवले पाहिजे. त्या वर्षी फेब्रुवारीत भारत सरकारने जैवतंत्रज्ञानाचा स्वतंत्र विभाग काढला. त्यासाठी असा वेगळा विभाग काढणाऱ्या पहिल्या काही देशांत आपण होतो. मार्चमध्ये चीनने ‘८६३’ नावाचा उच्च तंत्रज्ञानाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला आणि त्यातही जैवतंत्रज्ञान होते. दोन्ही देश गरीब, दोन्हीकडे कापूस पिकवणारे कोट्यवधी अल्पभूधारक. पुढच्या अकरा वर्षांत चीनच्या सरकारी कृषी विज्ञान अकादमीने स्वतःचे बीटी जनुक बांधले, ते स्थानिक सरळ वाणांत घातले आणि १९९७पासून शेतात आणले. मोन्सॅन्टो या अमेरिकी कंपनीचे बियाणेही त्याच सुमारास तिथे आले, पण त्याला घरचा स्पर्धक होता. आपल्याकडे पहिली परवानगी २६ मार्च २००२ रोजी मिळाली, ती जालन्याच्या महिकोने मोन्सॅन्टोचे जनुक घालून तयार केलेल्या तीन संकरित वाणांना. २००६ साली औरंगाबादच्या नाथ सीड्सने आणखी एक बीटी जनुक बाजारात आणले, तेही चीनच्या त्या सरकारी संशोधनातून परवान्यावर घेतलेले. मराठवाड्यातली कंपनी चिनी करदात्यांच्या पैशातून जन्मलेले जनुक विकत आणते आणि आपल्या विभागाला तेव्हा वीस वर्षे झालेली असतात, ही गोष्ट मला फार बोचते.

आपल्या शास्त्रज्ञांत धमक नव्हती असे कुणी म्हणू नये. जगातली पहिली व्यापारी संकरित कपाशी, ‘एच-४’, १९७० साली सुरतच्या सरकारी केंद्रात सी. टी. पटेल यांनी दिली. महाराष्ट्रात अनेक वर्षे शेतकऱ्यांच्या तोंडी असलेली ‘एनएचएच ४४’ नांदेडच्या कृषी विद्यापीठीय केंद्रातली. त्याही मागे जायचे तर जळगावच्या संशोधन केंद्रात निवडलेले ‘जरीला’ आणि ‘व्हिरनार’ हे देशी वाण स्वातंत्र्याच्या आगेमागे खान्देशात पसरले होते. त्या काळी पैसा कुठून येई, हे आज विसरले गेले आहे. १९२१ साली स्थापन झालेली भारतीय मध्यवर्ती कापूस समिती गाठींवर लहानसा उपकर घेई आणि त्यातून कापसाचे संशोधन चाले. कापसाच्या पैशातून कापसाचे शास्त्र, इतका सरळ हिशेब होता. वसाहतीच्या राजवटीला लँकेशायरच्या गिरण्यांची काळजी होती हे मान्य. तरी ज्या मातीत गाठ पिकली त्या मातीपर्यंत पैसा परत येण्याची वाट तिने आखलेली होती. १९६६ साली ती समिती मोडली आणि ही वाटही बुजली.

आणि सरकारला चिकाटी जमत नाही म्हणावे, तर रोटाव्हॅकची लस समोर आहे. १९८०च्या दशकात दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. महाराज किशन भान आणि त्यांच्या सहकाऱ्यांना नवजात बाळांत रोटाविषाणूचा सौम्य प्रकार सापडला. त्यापासून २०१५ साली स्वस्त लस बाजारात येईपर्यंत सुमारे तीस वर्षे गेली. जैवतंत्रज्ञान विभाग त्या कामामागे उभा राहिला, परदेशी मदत मिळवली, हैदराबादची भारत बायोटेक भागीदार झाली, चाचण्या झाल्या आणि किंमत आधीच बांधून घेतली गेली. सरकारी पाठबळ शेवटपर्यंत टिकले की काय होते, ते याच विभागाने करून दाखवले आहे. कपाशीच्या बाबतीत मात्र ही साखळी मधेच तुटली.

ती कुठे तुटली हे पाहायला डिसेंबरातल्या शेतात जावे लागते. हिरवे, टणक, निरोगी दिसणारे बोंड तोडून हातात घेतले तर बाहेर काही दिसत नाही, कारण बारीक अळी आत शिरल्यावर तिचे छिद्र भरून येते. बोंड फोडले की कप्प्यांमधल्या पडद्याला भोक दिसते आणि सरकीच्या आत गुलाबी अळी. कपाशी फुलते तेव्हाच गुलाबाच्या कळीसारखी मिटून राहिलेली डोमकळी तिची चाहूल देत असते, पण ती ओळखायला नजर लागते. वेचणीला असे बोंड पुरते उमलत नाही, कापूस पिवळट कवडी होऊन चिकटून बसतो. वेचणाऱ्या बाईचा वेळ दुप्पट जातो आणि व्यापारी भाव पाडतो.

बीटीने पहिल्या काही वर्षांत अमेरिकन बोंडअळीला रोखले, फवारण्या कमी झाल्या, हे नाकारण्यात अर्थ नाही. २००१-०२ला देशात हेक्टरी सुमारे ३०० किलो असलेली रुई २००७-०८ला ५५०च्या घरात गेली. पण गुलाबी बोंडअळी जवळजवळ कपाशीवरच जगते, त्यामुळे बीटीशिवाय दुसरे काही खायला न मिळता ती लवकर सरावली. पहिल्या जनुकाला ती दाद देत नसल्याचे २०१० साली गुजरातमधून जाहीर झाले. काही वर्षांत दोन जनुकेही अपुरी पडली. २०१७च्या हंगामात महाराष्ट्रभर पंचनाम्यांची वेळ आली. आज देशाची रुईची उत्पादकता पुन्हा ४५०च्या आसपास घसरली आहे.

यात नुसत्या निसर्गाचा दोष नव्हता. बीटी आपल्याकडे जवळपास पूर्णपणे संकरित वाणांतून आले, कारण संकरिताचे बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागते आणि कंपनीची कमाई सुरक्षित राहते. चीनमध्ये ते मुख्यतः सरळ वाणांत होते. संकरित झाडाच्या बोंडातल्या सगळ्या सरक्यांत जनुक उतरत नाही. एका जनुकाच्या बाबतीत चौथा हिस्सा त्याविना राहतो. सरकीवरच पोसणाऱ्या अळीला मग एकाच बोंडात विषारी आणि बिनविषारी दाणे मिळतात आणि ती सरावत जाते. शिवाय आपली संकरित वाणे लांब मुदतीची. काही ठिकाणी पाणी आहे म्हणून मे महिन्यातच लागवड, मागे हंगामानंतरही राखलेली फरदड. अळीला वर्षाचे नऊ-दहा महिने घर मिळाले. सोबत दिलेली बिगरबीटी बियाण्याची १२० ग्रॅमची पुडी बहुतेकांनी पेरलीच नाही, कारण ती कशासाठी आहे हे बांधावर येऊन सांगणारे कुणी नव्हते. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ अळी बदलत असल्याच्या नोंदी ठेवत होते. त्या नोंदी हाती असतानाही वाणांची मुदत आणि लागवडीची तारीख बदलायला लावण्याचा अधिकार संस्थेकडे नव्हता.

आता किमतीकडे. सुरुवातीला पाकीट १६०० रुपयांच्या पुढे होते, त्यात मोठा वाटा जनुकाच्या शुल्काचा. २००६ साली आंध्र सरकारने लढून पाकीट ७५०वर आणले. २०१६पासून केंद्राने देशभर दर बांधला आणि शुल्क ४९ रुपयांवर उतरवले, पुढे ते आणखी घटले. शेतकऱ्याची लूट थांबवणे योग्यच होते, मी त्या बाजूचाच आहे. पण त्याच वर्षी महिकोने पुढच्या पिढीच्या तणनाशकसहिष्णू कपाशीचा अर्ज मागे घेतला. खासगी संशोधनाला दार लागले, आणि त्या जागी सरकारी संशोधन उभे करायचे हे कुणी मनावर घेतले नाही. २००९नंतर कपाशीत एकाही नव्या जनुकीय बदलाला लागवडीची परवानगी मिळालेली नाही. दोन्ही वाटा बंद करून शेतकऱ्याला मधे उभे करणे याला धोरण म्हणता येत नाही.

शेतकरी थांबत नाही. निंदणीला मजूर मिळत नाहीत, म्हणून तणनाशकाला न जुमानणारी ‘एचटीबीटी’ चोरट्या वाटेने खान्देशात येते. भरारी पथके छापे घालतात, गुन्हे दाखल होतात. बिनपावतीचे बियाणे उगवले नाही तर दाद मागायची सोय नाही, आणि त्या पुडीत नेमके कोणते जनुक आहे हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. २०१९ साली अकोट तालुक्यातल्या अकोली जहागीर इथे शेतकरी संघटनेने ती उघडपणे पेरून सत्याग्रह केला. सरकारी संशोधन वेळेवर शेतात पोचले असते, तर कायदा मोडून बी पेरायची पाळीच आली नसती.

यावर हमखास आक्षेप येतो, बिकानेरी नरम्याचा. सार्वजनिक संस्थांनी मिळून केलेली ही बीटी सरळ कपाशी २००८ साली मान्य झाली आणि २००९ला विक्रीला आली. तिचे बी शेतकरी घरचे ठेवू शकला असता. पण त्यात मोन्सॅन्टोच्या जनुकाची भेसळ आढळली आणि ती मागे घ्यावी लागली; चौकशीसाठी नेमलेल्या सोपोरी समितीने पुढे कामातल्या त्रुटींवर बोट ठेवले. हा डाग खरा आहे, तो लपवू नये. मात्र तो लागल्यावर सरकारने जे केले त्यावर माझी तक्रार आहे. दोष शोधून काम दुप्पट जोराने पुन्हा उभे करायचे, ते मंदावले. खरे तर पहिले ‘क्राय१एसी’ जनुक भारतात पेटंटखाली नव्हतेच. नागपूर आणि अकोल्याच्या शास्त्रज्ञांनी ते सरळ वाणांत घालून ‘रजत बीटी’ आणि ‘पीकेव्ही ०८१ बीटी’ दिली, पण त्याला बरीच वर्षे लागली, तोवर अळी सरावून गेली होती. कमी मुदतीचे, दाट लागवडीला चालणारे, घरचे बी ठेवता येणारे हे वाण शिंदखेड्यासारख्या तालुक्यासाठीच आहेत. ते गावागावात दिसत नाहीत, कारण बीजोत्पादनाच्या टप्प्याला निधीही नाही आणि मानही नाही.

शिंदखेड्याचे नाव मी उगाच घेत नाही. उत्तरेला तापी वाहते, सुलवाडे बॅरेज आहे, तरी तालुक्याचा मोठा भाग पावसाकडे पाहतो. २०२३च्या ऑक्टोबरअखेर राज्याने ज्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यांत धुळे जिल्ह्यातला हा तालुका होता. सप्टेंबरात पाऊस गेला की हलक्या जमिनीतली १८० दिवसांची संकरित कपाशी शेवटचे दोन महिने तहानेने काढते आणि त्याच दोन महिन्यांत अळी वाढते. १५० दिवसांत मोकळे होणारे वाण दोन्ही संकटे एकदम टाळते. कंपनीला असे सरळ वाण विकण्यात फायदा नाही. म्हणूनच तिथे सरकारचे काम सुरू होते.

बाजाराला हाकलून द्यावे असे माझे म्हणणे नाही. जळगावची ऊतिसंवर्धित केळी खासगी प्रयोगशाळांनी घरोघरी नेली. पण त्या रोपांतून विषाणू पसरू नयेत म्हणून तपासणी आणि प्रमाणपत्राची राष्ट्रीय व्यवस्था २००६ साली याच जैवतंत्रज्ञान विभागाने उभी केली. रोप खासगी, राखण सार्वजनिक. कपाशीला अशी राखण कधी मिळालीच नाही.

सप्टेंबर २०२४मध्ये केंद्राने ‘बायो-राइड’ योजनेला ९,१९७ कोटी रुपये मंजूर केले. तिच्या घोषणेत नवउद्योग आणि जैवउत्पादन ठळक आहेत. त्यातला ठरलेला हिस्सा धुळ्याच्या कृषी महाविद्यालयाला, जळगावच्या केंद्रांना, रिकाम्या पदांना आणि महाबीजच्या बीजोत्पादनाला मिळावा, अशी मागणी खान्देशातल्या आमदार-खासदारांनी पक्ष बाजूला ठेवून केली पाहिजे. जिनिंगच्या गाठीवर पुन्हा छोटा उपकर बसवून तो कापूस संशोधनालाच बांधून देण्याचाही विचार व्हावा. लखनऊच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेने गुलाबी बोंडअळीला दाद न देणारी कपाशी तयार केल्याचे सांगितले आहे आणि चाचण्यांसाठी नागपूरच्या अंकुर सीड्सशी हात मिळवला आहे. जनुक सरकारी पैशाचे आहे. ते फक्त संकरितात न अडकवता सार्वजनिक सरळ वाणांनाही मोकळे राहील, आणि अळीवर दरवर्षी पाळत ठेवण्याचा खर्च परवान्यातच धरला जाईल, या दोन अटी आत्ता, करार कोवळे असताना, घालता येतात. चाचण्यांचे एक शेत विहिरीचे पाणी नसलेल्या शिंदखेड्याच्या रानात असावे, ही तिसरी.