नावे कोणी ठेवली?

आमच्या एका स्नेह्यांच्या घरी शाब्बाथच्या जेवणानंतर एक नाजूक विषय निघाला. त्यांची तेवीस वर्षांची मुलगी लष्करी सेवा आटोपून नोकरीला लागली आहे. साठविलेल्या पैशातून स्तनांचा आकार वाढविण्याची शस्त्रक्रिया करून घ्यावी, असे तिच्या मनात होते. आई संतापली. वडील उठून बाहेर गेले. आत्याबाई म्हणाल्या, "देवाने दिलेल्या देहाला नावे ठेवतेस?" मुलगी गप्प राहिली, आणि आम्हीही.

आत्याबाईंच्या बोलण्याला शास्त्राचा आधार नाही असे नव्हे. स्वतःच्या देहालाही इजा करू नये, असे रंबाम सांगतात. यरुशलेमचे रब्बी एलिएझर वाल्डनबर्ग यांनी केवळ सौंदर्यासाठी निरोगी देहावर शस्त्र चालविण्यास विरोध केला. उलट अमेरिकेतील रब्बी मोशे फाइनस्टाइन यांनी अशा शस्त्रक्रियेला मुभा दिली. मनाई आहे ती भांडणातून वा अपमानासाठी केलेल्या इजेला, येथे तर त्या व्यक्तीचे भले करण्याचा हेतू असतो, असा त्यांचा विचार. दोघेही थोर पंडित. तेव्हा शास्त्राचे नाव घेऊन मुलीचे तोंड बंद करणे आम्हांस योग्य वाटत नाही.

तालमूदातील एक कथा येथे आठवते. रब्बी एलाझार बेन शिमोन गुरुगृहाहून विद्येच्या अभिमानात परतत असता वाटेत त्यांना एक कुरूप मनुष्य भेटला. त्यांनी त्याच्या रूपावरून त्याला हिणविले. ज्या कारागिराने मला घडविले त्यालाच जाऊन सांगा, असे त्या मनुष्याने सुनावले. रब्बी गाढवावरून उतरले आणि क्षमा मागत गावापर्यंत त्याच्या मागून गेले. ही कथा आपण मुलींना ऐकवितो ती देहाला नावे ठेवू नयेत म्हणून. परंतु कथेत दोष लागला तो कुरूप माणसाला नव्हे, बघणाऱ्याला!

आपल्या समाजाला तरी हे सांगावे लागू नये. इस्राएलमध्ये आल्यावर आपल्या विवाहांच्या वेळी आपल्या यहुदीपणाविषयीच शंका घेतली गेली. १९६४ साली आपली माणसे यरुशलेममध्ये सत्याग्रहाला बसली. त्याच वर्षी क्नेसेटने बेने इस्राएल सर्वार्थाने यहुदी असल्याचे मान्य केले. तेव्हा आपण स्वतःत उणीव शोधली नाही. पाहणाऱ्यांची दृष्टी बदलावी, असा हट्ट धरला. मग सोयरीक जमविताना "मुलगी चांगली आहे, पण..." हे शब्द आपल्याच तोंडी कसे येतात?

याचा अर्थ शस्त्रक्रिया म्हणजे क्षुल्लक बाब, असा मात्र नाही. सिलिकॉनचे पहिले रोपण १९६२ साली अमेरिकेत ह्यूस्टन येथे झाले. इतक्या वर्षांनंतरही ते जन्मभर टिकेल असे कोणी सांगत नाही. भोवतालचा व्रण घट्ट होतो, पिशवी फाटते, पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. स्तनपानात अडचण येऊ शकते. क्वचित एका प्रकारचा कर्करोगही संभवतो, विशेषतः खरखरीत पृष्ठभागाच्या रोपणांत. २०१० साली फ्रान्समधील एका कंपनीने औद्योगिक वापराचे सिलिकॉन भरल्याचे उघडकीस आले. २०२१ साली अमेरिकेच्या औषध-प्रशासनाने या रोपणांवर ठळक इशारा छापणे सक्तीचे केले. हे सारे स्वच्छ न सांगणाऱ्या डॉक्टरकडे कोणीही जाऊ नये.

काही दिवसांनी ती मुलगी आमच्याकडे आली. आम्ही तिला दोनच प्रश्न विचारले. दहा-पंधरा वर्षांनी पुन्हा टेबलावर जावे लागले तर तयारी आहे का? आणि कोणी कधी काही बोललेच नसते, तरी हे हवे वाटले असते का? पहिल्याला ती "हो" म्हणाली. दुसऱ्यावर बराच वेळ थांबून म्हणाली, "चौदाव्या वर्षापासून मला घरात 'फळी' म्हणतात. मला कसे कळणार?"

त्या नावावर आम्हीही एकदा हसलो होतो. तिची क्षमा मागितल्यावाचून आम्हांस पुढे बोलवेना.

निर्णय तिचा आहे आणि तो तिने अजून घेतलेला नाही. तो कोणताही झाला तरी तिच्यासोबत दवाखान्यात बसायला आम्ही जाऊ. पण त्या आधी घरातले ते नाव बंद व्हावे, म्हणजे निदान तिला स्वतःचे मन ऐकू येईल. आत्याबाईंचा प्रश्न बरोबरच होता. तो आम्हा साऱ्यांना विचारायला हवा होता.