गामिनी, संजीवनी आणि आमचा डावा कोपरा

कबड्डीचे नियम एकसारखे होण्याआधी हा खेळ निरनिराळ्या पद्धतींनी खेळला जाई. गामिनीत बाद झालेला गडी बाहेर बसला की बसलाच. सगळा संघ बाद होऊन लोण चढेपर्यंत त्याला आत जागा नसे. अमर प्रकारात बाद झालेला गडी मैदान सोडतच नसे, समोरच्याला फक्त गुण मिळे. संजीवनीत मात्र समोरचा एक गडी मारला की आपला एक उठून आत येई. संघटित कबड्डीने शेवटी संजीवनी स्वीकारली आणि २०१४ मध्ये सुरू झालेली प्रो कबड्डीही त्याच तत्त्वावर चालते. निवड योग्यच होती. गामिनीत चांगला चढाईपटू पहिल्या मिनिटाला गेला की सामन्यात राम उरत नाही, आणि अमरमध्ये बाद होण्याची भीतीच उरत नाही.

शाळेत सरांनी हे सांगितलं तेव्हा त्याचा उपयोग परीक्षेपुरता होता. आमच्या संघाचा डावा कोपरा चाळिशी ओलांडताच हृदयविकाराने गेला, तेव्हापासून हे तीन शब्द डोक्यात घोळत आहेत.

तो रापणकरांच्या घरातला. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मासेमारीचं मोठं जाळं, ओढताना दोर अंगाशी घेऊन, टाच वाळूत रोवून मागे सरकावं लागतं. लहानपणापासून मालवणच्या किनाऱ्यावर हेच केल्यामुळे त्याच्या हाताने धरलेला घोटा सुटत नसे. चढाईवाला बोनससाठी पाय टाकायचा तेव्हा आम्ही सगळे त्या पुढच्या पायाकडे बघत असू, तो मागच्या टाचेकडे. पुढचा पाय फसवतो, मागचा फसवत नाही, असं त्याचं म्हणणं. स्पर्श झाला की पंचांच्या शिटीची वाट न पाहता हात वर करून स्वतः बाहेर जायचा. त्यावरून आम्ही त्याला शिव्याही घातल्या आहेत. आणि उठण्याची पाळी आली की क्रम काटेकोर. जो आधी बाद, तो आधी आत. गडबडीत कुणी त्यालाच पुढे ढकललं तर म्हणायचा, "तू आदी गेललंस, तू जा."

तो गेल्यावर आम्ही जुन्या गड्यांनी वर्गणी काढली आणि त्याच्या नावाने चषक ठेवला. दुसरं काही सुचलंच नाही, कारण आपल्याकडे ही रीत आता अंगवळणी पडली आहे. ती वरून खाली आलेली आहे. मुंबईच्या शालेय क्रिकेटमधल्या हॅरिस शील्डला नाव मिळालं ते गव्हर्नरचं. रणजी १९३३ मध्ये वारले आणि १९३४-३५ च्या मोसमापासून त्यांच्या नावाची स्पर्धा सुरू झाली. करंडक दिला पतियाळाच्या महाराजांनी. म्हणजे एका संस्थानिकाची आठवण दुसऱ्या संस्थानिकाने ठेवली. १९४८ पासून पावसाळ्यात चालणारी कांगा लीग ज्यांच्या नावाची, ते डॉ. होरमसजी कांगा ना गव्हर्नर होते ना राजे. ते खेळाडू होते. तिथून ही रीत वाडीवस्तीपर्यंत उतरली आणि जिल्ह्याबाहेर एकही सामना न खेळलेल्या पोराच्या नावापुढे 'कै.' लागून चषक उभे राहू लागले. शहरातली माणसं याला हसतात. मला ही मोठी कमाई वाटते.

चषक म्हणजे संजीवनी, असं तेव्हा वाटायचं: दरवर्षी आमचा गडी काही तासांपुरता मैदानात परत येतो. पहिल्या वर्षी ते खरंही होतं, कारण खेळायला उतरलेल्या निम्म्या गड्यांनी त्याची पकड अंगावर घेतली होती. मग पोरं बदलली. भातकापणी उरकल्यावर इकडे प्रकाशझोतातल्या स्पर्धांचा हंगाम सुरू होतो, आणि आमचीही त्यातलीच एक झाली. बॅनरवर पाहुण्यांचे फोटो मोठे, त्याचा वरच्या कोपऱ्यात. समालोचक रोख बक्षिसाचा आकडा दर पाच मिनिटांनी सांगतो. एका वर्षी चषक घेऊन जाणाऱ्या कर्णधारानेच विचारलं, "हे कोण होते?" तेव्हा कळलं की आमच्याकडून नकळत अमरचा डाव मांडला गेला होता. गडी मैदानावर आहे, पण त्याच्या असण्या-नसण्याने खेळात काहीच बदलत नाही.

संजीवनीत कुणी आपोआप उठत नाही. आतल्या कुणीतरी एक गडी मारावा लागतो. आठवणीचंही तसंच असावं. सचिन तेंडुलकरचे प्रशिक्षक रमाकांत आचरेकर मूळचे मालवणचे, जन्म १९३२ चा. २ जानेवारी २०१९ ला ते गेले आणि ३ डिसेंबर २०२४ ला शिवाजी पार्कवर त्यांच्या स्मारकाचं अनावरण झालं. पण ज्यांनी त्यांना कधी पाहिलं नाही, तेही सांगतात ती स्टंपवर ठेवलेल्या एक रुपयाच्या नाण्याची गोष्ट: सचिनला बाद करील त्याचं नाणं, कुणी बाद केलं नाही तर सचिनचं. त्यात सरांची अख्खी शिकवण्याची रीत आहे. नाव त्या गोष्टीला धरून टिकलं आहे.

यंदा आम्ही चषक लहान केला आणि उत्कृष्ट पकडीचं बक्षीस वाढवलं. बॅनरवरचा फोटो अजून कोपऱ्यातच आहे, त्यावर कमिटीत एकमत होत नाही. तुमच्या वाडीतही असा एखादा स्मृती चषक असेल, तर एवढं करा: नाणेफेकीआधी पाच मिनिटं, ज्याच्या नावाचा चषक आहे त्याच्याबरोबर खेळलेल्या माणसाच्या हातात माईक द्या आणि तो कसा खेळायचा, एवढंच सांगायला लावा. पाहुण्यांची भाषणं बक्षीस समारंभातही होतात.