अर्धं फळ

तीर्थयात्रेच्या फळाचा हिशोब आपल्या शास्त्रकारांनी फार बारकाईने मांडून ठेवला आहे. वाहनात बसून गेलात तर अर्धं फळ जातं. पायात वहाणा आणि डोक्यावर छत्री असेल तर आणखी कपात होते. आणि निघालात दुसऱ्याच कामाला, वाटेत तीर्थ लागलं म्हणून दर्शन घेतलंत, तर अर्धंच फळ पदरात पडतं. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात तीर्थयात्रेवरची अशी कितीतरी वचनं एकत्र आणली आहेत. तो खंड १९५३ साली निघाला. या शेवटच्या वचनावरून यंदा आमच्या घरात मोठी चर्चा झाली. ती अजून माझ्या मनातून गेलेली नाही, म्हणून हे लिहिते आहे.

आम्ही जबलपूरला महाराजपुरात राहतो. अधारताल इथून जवळ, कृषी विश्वविद्यालयही त्याच बाजूला. मे महिन्यात दुपारी रस्त्यावर माणूस दिसत नाही आणि नौतपा लागला की रात्रीसुद्धा कूलर गरम वारा फेकतो. शाळांना सुट्टी लागली की लेक-सून-नातवंडं येतात आणि दोन दिवसांत उकाड्याने हैराण होतात. यंदा लेकानेच सुचवलं, सगळे मिळून कोकणात जाऊ, समुद्राकाठाने आठवडाभर फिरू. आमचं कुलदैवत गुहागरचा व्याडेश्वर, कुलस्वामिनी अंबाजोगाईची योगेश्वरी. घराणं भोसल्यांच्या चाकरीत इकडे आलं असं घरात सांगतात. नागपूरकर भोसल्यांचा अंमल इथे १८१७ पर्यंत होता. तेव्हापासून आम्ही नर्मदेचे झालो, पण लग्नपत्रिकेच्या माथ्यावर नाव व्याडेश्वराचंच छापतो. मी म्हटलं, गुहागरलाही जाऊन येऊ. नातवाला पोहायला समुद्र, आम्हाला देव.

सासूबाई चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्या शांतपणे म्हणाल्या, "देवाला जायचं तर देवालाच जावं. पोहायच्या कपड्यांच्या पिशवीत नैवेद्याची वाटी ठेवू नये."

मी म्हटलं, "अहो आई, शास्त्रातही अर्धं फळ सांगितलंय."

"अर्धं म्हणजे उरलेलं अर्धं तू वाटेत सांडलंस," त्या म्हणाल्या.

हे बोलणं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. सासूबाईंचं आयुष्य नेमात गेलं आहे, आणि त्यांचा आक्षेप खरा आहे. कुलदैवताचं दर्शन हे आता सहलीच्या यादीतलं एक टिंब झालं आहे. सकाळी किल्ला, दुपारी मासे, चार ते सव्वाचार दर्शन, मग सूर्यास्त. देवळाच्या गाभाऱ्यात उभं असतानाही मन हॉटेलच्या खोलीत चेक-इन करत असतं. सासूबाईंना देवाजवळ आनंद झालेला चालत नाही असं मुळीच नाही. लक्ष दुसरीकडे असलेलं त्यांना चालत नाही. मी आधी हा फरक ओळखला नव्हता, आणि तो ओळखल्यावर प्रश्न माझ्यासाठी जास्त अवघड झाला. हौस आणि श्रद्धा एका प्रवासात नांदू शकतात का? की एकीच्या पायी दुसरी नेहमी उपाशी राहते?

जबलपूरच्या माणसाला हा प्रश्न खरं तर पडू नये. आमच्या भेडाघाटला जाऊन पाहा. एका टेकडीवर कलचुरींच्या काळातलं चौसष्ट योगिनींचं गोलाकार मंदिर, मधोमध गौरीशंकर. खाली संगमरवरी कड्यांमधून नर्मदा, तिच्यावर होड्या, पलीकडे धुआँधारचा तुषार. माणसं डबे घेऊन येतात, होडीत बसतात, नावाड्याची तुकबंदी ऐकून खळखळून हसतात, मग पायऱ्या चढून हात जोडतात. यातलं काय सहल आणि काय यात्रा, हे कुणी कुणाला विचारत नाही. मत्स्यपुराण तर सांगतं की इतर नद्या स्नानाने पावन करतात, नर्मदा नुसत्या दर्शनाने. जिथे नुसतं पाहणं हेच पुण्य मानलं, तिथे डोळे भरून पाहण्याला कमी लेखायचं कसं?

आणि आमच्याच गावचे अमृतलाल वेगड. १९२८ चा जन्म, शांतिनिकेतनात नंदलाल बसूंकडे शिकलेले चित्रकार, इथेच कलामहाविद्यालयात शिकवायचे. पन्नाशीला टेकल्यावर, १९७७ साली, ते नर्मदेच्या काठाने चालायला निघाले. पहिला टप्पा जबलपूर ते मंडला. सलग तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवसांची परंपरेतली परिक्रमा त्यांनी केली नाही. सुट्टी मिळेल तसे तुकड्या-तुकड्याने चालले, रेखाटनं करत, गावोगावच्या बायकांशी बोलत. पुस्तकाला नाव दिलं 'सौंदर्य की नदी नर्मदा'. गुजराती रूपाला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. २०१८ च्या जुलैत ते गेले. जबलपुरात त्यांना कुणी पर्यटक म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. शास्त्राच्या काटेकोर हिशोबात त्यांच्या वाट्याला किती फळ आलं असेल? मला वाटतं, हिशोबाची वही तिथे मिटावी लागते.

तरीही 'सगळं सारखंच' असं म्हणून मोकळं व्हायला मन तयार होईना. वेगडांनी सौंदर्यासाठी चालताना एक गोष्ट सोडली नव्हती. नदी ठरवेल तिकडे जायचं. परिक्रमावासी नदी उजव्या हाताला ठेवतो, तिला ओलांडत नाही. पुढे दलदल असो की खडक, सोयीसाठी तो पलीकडच्या काठावर उडी मारत नाही. फक्त शेवटी, जिथे नर्मदा खंबातच्या आखातात मिळते, तिथे दक्षिण तीरावरच्या विमलेश्वराहून नावेत बसून समुद्रातून उत्तर तीरावर मीठीतलाईला जातो. ती नावसुद्धा त्याच्या घड्याळावर सुटत नाही. भरती येईल तेव्हा सुटते.

भरतीशी येऊन मी थांबले, आणि मग आमच्या कोकणाच्या बेताकडे वेगळ्या नजरेने पाहू लागले.

हरिहरेश्वरची प्रदक्षिणा ज्यांनी केली आहे त्यांना ठाऊक असेल. आधी काळभैरवाचं दर्शन, मग हरिहरेश्वराचं, मग पुन्हा काळभैरवाचं. प्रदक्षिणेची वाट टेकडी चढून कातळाच्या चिंचोळ्या घळीतून पायऱ्यांनी थेट समुद्रात उतरते. तिथे लाटांनी हजारो वर्षं कोरलेला खडक आहे. जाळी पडलेला, शेवाळाने निसरडा. ओहोटीला तो उघडा असतो, भरतीला पाण्याखाली. म्हणजे या देवाची प्रदक्षिणा करायची तर आधी समुद्राची परवानगी हवी. भाविकाला आणि पर्यटकाला नियम एकच. पैसे देऊन रांग चुकवता येत नाही.

पेशव्यांचं हे कुलदैवत. बाळाजी विश्वनाथ शेजारच्या श्रीवर्धनचे. त्यांचा मुलगा बाजीराव २८ एप्रिल १७४० रोजी, ऐन उन्हाळ्यात, नर्मदाकाठी रावेरखेडीला वारला. त्याची समाधी तिथेच आहे. किनाऱ्यावरच्या देवाचं घराणं आणि नर्मदेच्या वाळूतली समाधी यांच्यामधलं अंतर मला आमच्या घराच्या कथेइतकंच जवळचं वाटतं. पण ते असो.

मी पंचांग उघडलं. आमच्याकडे दोन असतात: मराठी कालनिर्णय, आणि जबलपुरातच छापलं जाणारं लाला रामस्वरूपचं. पौर्णिमेनंतरचा पंधरवडा एकात वैशाख वद्य, दुसऱ्यात ज्येष्ठ कृष्ण, पण तिथी तीच. कोकणातले लोक भरतीची वेळ बोटांवर काढतात: तिथीची पाऊणपट. तृतीयेला सव्वादोन, षष्ठीला साडेचार, अष्टमीला सहा. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. अर्ध्या-एक तासाचा फरक पडतो, म्हणून गावातल्या माणसाला विचारावंच. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, तेव्हा पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीला भांग, तेव्हा दोन्ही कमी. तृतीयेला सकाळी आठ-सव्वाआठला हरिहरेश्वरचा खडक चांगला उघडा पडणार. उलट हेदवीला, दशभुज गणपतीच्या गावी, बामणघळ नावाची खडकातली चीर आहे. तिच्यात पाणी घुसून कारंजं उडतं ते भरतीला. म्हणजे हेदवी षष्ठीच्या दुपारी साडेचारला. मधले दिवस आपोआप भरले: बागमांडल्याहून फेरीबोटीने वेसवीला, केळशीची महालक्ष्मी, आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, दापोली. काण्यांचं शालेय शिक्षण दापोलीतच झालं. दाभोळहून पुन्हा फेरीबोटीने धोपावे, गुहागर. मग वेळणेश्वर, हेदवी, तवसाळहून जयगड, शेवटी गणपतीपुळे. तिथे अख्खी टेकडीच गणपती मानली आहे, त्यामुळे प्रदक्षिणा टेकडीला घालायची.

लेकाने रत्नागिरीपासून वर यायचा बेत केला होता. मी तो उलटा केला. महानगरीने कल्याण, तिथून भाड्याच्या गाडीने श्रीवर्धन आणि मग दक्षिणेकडे. दक्षिणेला जाताना समुद्र उजव्या हाताला राहतो. परतीला कोयंबतूरहून जबलपूरला येणारी साप्ताहिक गाडी कोकण रेल्वेवरूनच येते, ती रत्नागिरीला पकडायची. समुद्राला प्रदक्षिणा घालता येत नाही हे मला कळतं. पण नर्मदेकाठच्या माणसाने पाणी उजवीकडे ठेवून चालावं, एवढं तरी आपल्या हातात आहे.

मी हे सासूबाईंना सांगितलं, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा कागद मागून घेतला.

महाभारताच्या वनपर्वात तीर्थयात्रेचं फळ कुणाला मिळतं ते सांगितलं आहे: ज्याचे हात, पाय आणि मन आवरलेले आहेत, जो मिळेल त्यात संतुष्ट आहे, ज्याला अहंकार नाही. त्याच ठिकाणी असंही म्हटलं आहे की यज्ञाला धन लागतं, साहित्य लागतं, ते गरिबाच्या आवाक्यातलं नाही, म्हणून तीर्थ. म्हणजे तीर्थयात्रा ही मुळातच सामान्य माणसाला दिलेली सवलत आहे. प्रसंगाने जाणाऱ्याला अर्धं फळ देणारा शास्त्रकार त्याच उदार परंपरेतला. तो शून्य लिहू शकला असता. व्यापारी, सैनिक, माहेरवाशीण, लेकुरवाळी, यांना फक्त देवासाठी घर सोडता येत नाही हे त्याला माहीत होतं. त्यांच्यासाठी त्याने दार अर्धं उघडं ठेवलं.

आता हात, पाय, मन आवरणं म्हणजे समुद्रकाठी काय? माझं उत्तर साधं आहे. हात आवरायचा म्हणजे शिंपले पिशव्या भरून उचलायचे नाहीत आणि बाटली तिथे टाकायची नाही. पाय आवरायचा म्हणजे गावकरी नको म्हणाला तिथे उतरायचं नाही. मन आवरायचं म्हणजे भरती आपल्या वेळेला आली नाही म्हणून चिडायचं नाही, खडकावर बसून वाट पाहायची. हे ज्याने केलं त्याने पोहावं, भेळ खावी, वाळूत किल्ला बांधावा. त्याची यात्रा बुडत नाही. आणि नवस बोलून, अनवाणी येऊन, गाभाऱ्यात इतरांना ढकलून पुढे घुसणाऱ्याच्या हाती पूर्ण फळ लागलं असेल असं मला वाटत नाही. यात्रा आणि सहल यांच्यातली रेषा देऊळ आणि किनारा यांच्यामधून जात नाही. ती जागेचं ऐकणारा आणि जागेला आपलं ऐकवणारा यांच्यामधून जाते.

किनाऱ्यावरची माणसं हे आपल्याहून चांगलं जाणतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. सरकारचा तो नियम, पण पावसाळ्यात समुद्राला मोकळा सोडण्याची कोळ्यांची रीत त्याहून जुनी आहे. श्रावणी पौर्णिमेला नारळ वाहून मगच होडी पाण्यात लोटतात. ज्याच्यावर पोट आहे त्याच्यापुढेही थांबायचं, हा धर्म त्यांना ग्रंथातून शिकावा लागला नाही.

सासूबाईंचं पूर्ण समाधान झालं नाही. गुहागरला व्याडेश्वराचा दिवस पूर्ण वेगळा ठेवायचा, त्या दिवशी समुद्रावर संध्याकाळीच जायचं, ही त्यांची अट. मी ती मान्य केली, आणि ती बरोबर आहे असंच मला वाटतं. कुलदैवताचं आपल्यावर जे ऋण आहे ते इतर देवांसारखं नाही. तिथे एक दिवस अर्ध्याचा हिशोब नको. आता त्यांनी स्वतःच नातवाला तिथीची पाऊणपट शिकवली आहे. तो रोज कालनिर्णय पाहून, जिथे समुद्र नाही त्या महाराजपुरात, भरतीची वेळ जाहीर करतो.

या उन्हाळ्यात तुमच्यापैकी अनेकजण सहकुटुंब त्या किनाऱ्याला जाल. एक विनंती आहे. हॉटेलचं आरक्षण करण्याआधी पंचांग पाहा, आणि हरिहरेश्वरच्या पायऱ्या उतरण्याआधी देवळाजवळच्या कुणालाही विचारा की पाणी चढतंय की उतरतंय. चढतंय असं तो म्हणाला, तर त्या दिवशी प्रदक्षिणा करू नका. वरच्या पायरीवरून हात जोडा आणि परत फिरा.