साभार परत

माझ्या कपाटात बुटांचा एक जुना खोका आहे. त्यात सत्तेचाळीस छापील चिठ्ठ्या आहेत. शब्द थोडे इकडेतिकडे, पण अर्थ एकच: आपलं साहित्य साभार परत. मी तेव्हा एसटीच्या आगारात लिपिक होतो, दिवसा हजेरीपत्रकं आणि रात्री कविता. कवितेसोबत स्वतःचा पत्ता घातलेलं, तिकीट लावलेलं पाकीट जोडायची रीत होती. त्यामुळे नकार यायचा तो माझ्याच अक्षरात. पोस्टमन सायकलवरून उतरायच्या आधीच मी ते अक्षर ओळखायचो.

अशा वेळी लोक समजूत घालतात, "अहो, स्वतःसाठी लिहायचं. दाद काय करायचीय?" आमच्या ऑफिसातले एक वारकरी तर थेट गीतेवर यायचे. कर्म करावं, फळाची आस धरू नये. मला ते पटायचं आणि पचायचं नाही. गीता सांगितली तेव्हाही समोर एक ऐकणारा होताच की, आणि तो मध्येमध्ये शंकाही काढत होता.

निवृत्तीनंतर वाचायला सवड मिळाली, तेव्हा मम्मट भेटला. अकराव्या शतकातला काश्मिरी पंडित. 'काव्यप्रकाशा'त काव्य कशासाठी याची सहा कारणं तो देतो. त्यात पहिलं यश, दुसरं पैसा. परमानंद पाचवा. आढेवेढे न घेता सांगून टाकलंय, म्हणून मला तो माणूस आवडला.

भवभूती तसा नाही. आठव्या शतकातला हा नाटककार, आपल्या विदर्भातल्या पद्मपूरच्या घराण्यातला. त्याला नावं ठेवणारे होते असं दिसतं, कारण 'मालतीमाधवा'च्या सुरुवातीलाच तो त्यांना सुनावतो. हा खटाटोप तुमच्यासाठी नाहीच, काळाला अंत नाही, पृथ्वी मोठी आहे, माझ्यासारखा कुणीतरी कधीतरी जन्मेल, असा त्याचा रोख. पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. नंतर जाणवलं, की या गृहस्थाने दाद सोडलेली नाही, फक्त पाकिटावरचा पत्ता बदललाय. समकालीनांच्या ऐवजी न जन्मलेल्याचं नाव घातलंय. टपाल उशिरा पोचेल, एवढंच.

आणि तुकोबा? लोकांच्या निंदास्तुतीची पर्वा न करणारा त्यांच्यासारखा दुसरा कोण. तरी परंपरा सांगते, की वह्या इंद्रायणीत गेल्यावर ते देहूला नदीकाठी अन्नपाण्याविना तेरा दिवस बसून राहिले. अभंग तर तोंडपाठ असणार. मग कागदांसाठी बसायचं कशाला? मला वाटतं, ते उत्तराची वाट पाहत होते. पत्ता विठ्ठलाचा होता आणि लिहिलेलं पोचलं का, एवढं त्यांना कळायला हवं होतं. हे म्हणणं कुणाला आगाऊपणाचं वाटेल. पण सत्तेचाळीस वेळा पोस्टमनची वाट पाहिलेल्या माणसाला ते तेरा दिवस थोडे जवळचे वाटतात.

खरी अडचण आईने केली. आई पहाटे चारला जात्यावर बसायची. मी गोधडीत. एका हाताने खुंटा, दुसऱ्या हाताने वैरण, आणि दोन्हींच्या लयीत ओवी. तिच्या ओव्या बहुतेक भावावर असायच्या. मामा लांब, वर्षातून एकदा यायचा, आणि त्यातली एकही ओवी त्याने कधी ऐकली नाही. म्हणजे पत्ता होता, पण पत्र पेटीत टाकलेलंच नाही. बाहेर कुणाचं पाऊल वाजलं की तिचा आवाज खाली यायचा. दाद नको होती असं नव्हे, तो विषयच त्या ओसरीवर नव्हता.

मग गावात पिठाची गिरणी आली. जातं कोपऱ्यात गेलं, पुढे त्याच्यावर पाण्याची घागर बसली. ओव्याही थांबल्या. कुणी बंद करा म्हटलं नव्हतं. मी कॉलेजात असताना वही घेऊन तिच्यासमोर बसलो, म्हटलं, सांग. तिने दोन ओव्या अडखळत सांगितल्या आणि म्हणाली, "हाताला काम न्हाई, तर तोंडाला काय येणार?" मी हट्टाने घागर उतरवली, जातं पुसलं. रिकामं जातं ओढत ती बसली आणि अर्ध्या तासात माझी वही भरली.

त्या दिवसापासून मला 'स्वतःसाठी लिहा' हे वाक्य अपुरं वाटतं. आई काही स्वतःसाठी गात नव्हती. दाद नसताना तिचं अडलं नाही, जातं नसताना अडलं. दगडाचं ओझं, सात माणसांचं पीठ, उजाडायच्या आधीची तासाभराची सवड, यांच्यावर तिची ओवी उभी होती. असोद्याच्या बहिणाबाईंचं गाणंही शेत, चूल आणि घरोटं यांच्यातच झालं. पुस्तक निघालं १९५२ मध्ये, त्या वारल्यानंतर.

माझं जातं कोणतं, हे मात्र मला उशिरा कळलं. निवृत्त झाल्यावर दोन वर्षं एक ओळ सुचली नाही. सवड भरपूर, टेबल नवीन. मला चुकल्यासारखं वाटत होतं ते हजेरीपत्रकाविना. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर, साहेब येईल या धाकात लिहिलेली ओळ सरळ यायची. आता मी सोसायटीचे हिशेब लिहितो, फुकट, आणि त्याच वहीत मागून कविता. कुठे पाठवत नाही. तिकीट लावलेली अकरा पाकिटं उरली होती, त्यांत बायकोने भेंडीचं आणि दोडक्याचं बी भरून ठेवलंय.

गेल्या मंगळवारी एक कविता पुरी झाली. बायको मेथी निवडत बसली होती. मी वाचून दाखवली आणि वाचताना चष्म्यावरून तिच्या तोंडाकडे पाहत होतो. तिने काड्या बाजूला सारल्या, म्हणाली, "मधलं नीट ऐकू आलं नाही. परत वाचा."

मी लगेच वाचली.