सोट्याचे मूळ

आमच्या धर्मग्रामातील एका घरी माळा आवरताना लाकडी सोटा सापडला. साडेतीन फूट लांब, चांगलाच जड आणि मुठीपासून टोकापर्यंत बारीक कोरीवकामाने भरलेला. घरातले आजोबा आयुष्यभर बोटीवर नोकरीला होते; कुठल्याशा बंदरात त्यांनी तो घेतला असावा. मुलगा म्हणाला, "फादर, कुठला आहे ते कळले तर किंमत ठरवता येईल." सूनबाई म्हणाल्या, "कुणाचे रक्त लागलेले असेल त्याला. जाळून टाकू या." ती वस्तू कोणाची हे कळण्यापूर्वीच दोघांचा निर्णय झाला होता. (गदा म्हणावे तर भीम आठवतो, दांडके म्हणावे तर करणाऱ्याचा अपमान होतो, म्हणून मी सोटाच म्हणतो.)

सेमिनरीत आम्हांला ॲरिस्टॉटलची चार कारणे शिकविली होती: वस्तू कशाची, कोणत्या रूपाची, कोणी केलेली आणि कशासाठी. परीक्षेनंतर ती मी विसरलो होतो. सचित्र ग्रंथ उघडून सोटा शेजारी ठेवला, तेव्हा ती पुन्हा आठवली.

लाकूड सुरूचे असावे. पॅसिफिक महासागरातील बेटांवर सोट्यांसाठी हे कठीण लाकूड वापरीत. पण सुरू आपल्या वसई-अर्नाळ्याच्या किनाऱ्यावरही उभा आहे. लाकडावरून गाव सांगता येत नाही. रूप अधिक बोलते. मार्केसस बेटांच्या सोट्यावर दोन्ही बाजूंनी चेहरा असतो आणि त्याच्या डोळ्यांच्या जागी पुन्हा चिमुकले चेहरे. फिजीचे काही सोटे झाडाच्या मुळांचा गड्डा तसाच डोक्याला ठेवून केलेले. टोंगाचा कारागीर मात्र सारा पृष्ठभाग लहान लहान चौकटींत विभागतो, त्या नागमोडी रेषांनी भरतो आणि मधूनच एखादा माणूस, पक्षी, मासा कोरून ठेवतो. लोखंड येण्यापूर्वी हे काम शार्क माशाच्या दाताने होत असे. आमच्या सोट्यावरही अशाच चौकटी आहेत, आणि एका चौकटीत नखाएवढा पक्षी. ज्याला आपण सहज 'रानटी' म्हणतो, त्याने त्या पक्ष्यासाठी किती वेळ दिला असेल!

म्हणजे टोंगा? इथेच घोटाळा होतो. टोंगाचे सुतार होड्यांच्या लाकडासाठी फिजीला जात, तिथेच राहत आणि तिथल्या सरदारांसाठी काम करीत. फिजीच्या झाडावर टोंगाच्या हाताने फिजीच्या धन्यासाठी कोरलेला सोटा मूळचा कुठला? आपणा वसईकर ख्रिस्ती लोकांनाही "मूळचे तुम्ही कोण?" असे विचारले जाते. तो प्रश्न बोचतो, कारण विचारणाऱ्याला एकच उत्तर हवे असते आणि मधली चारशे वर्षे त्याला नको असतात.

राहिले प्रयोजन. सूनबाईंची भीती निराधार नाही. 28 एप्रिल 1841 रोजी फुटुना बेटावर संत पीटर शॅनेल यांना आधी सोट्याने मारले, अखेरचा घाव कुऱ्हाडीचा होता. ओशनियाचे ते पहिले हुतात्मे. पण प्रयोजनही बदलू शकते. फिजीचा राजा थाकोम्बाऊ याने 1874 साली राज्य ब्रिटिशांच्या स्वाधीन करताना आपला युद्धाचा सोटा राणी व्हिक्टोरियाला पाठविला. 1932 साली तो परत आला आणि विधिमंडळाचा राजदंड झाला. त्यावर चांदीची कबुतरे जडविलेली आहेत.

मुलाला मी एवढेच म्हटले, की अंदाजाने नाव लावून वस्तू विकणे आठव्या आज्ञेत बसत नाही. खोटी साक्ष माणसाविरुद्ध असते, आणि इथेही एक माणूस आहे, फक्त तो आपल्याला दिसत नाही. त्याला हे फारसे पटले नाही. संग्रहालयांत अशा वस्तूच्या चिठ्ठीवर देणाऱ्याचे नाव असते, करणाऱ्याचे बहुधा नसते. आमच्या बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत बापाचे नाव अज्ञात असले तरी रकाना गाळीत नाहीत. हे मला सोट्याच्या बाबतीत सुचायला हवे होते.

तूर्त तो माझ्या कार्यालयात कपाटावर आहे. त्याला मी चिठ्ठी बांधली: 'टोंगाची शैली. फिजीत घडविला असण्याची शक्यता. लाकूड बहुधा सुरूचे.' परवा सूनबाई मिस्सासाठी नाव द्यायला आल्या, तेव्हा त्यांनी ती वाचली.

"फादर, करणाऱ्याच्या नावाला जागा नाही ठेवली?"

मी चिठ्ठी बदलली.