दार नसलेल्या जागा

शनिशिंगणापूरला शनिदेवाची सुमारे साडेपाच फुटांची काळी शिळा चौथऱ्यावर उभी आहे. तिच्यावर छप्पर नाही. ऊन-पाऊस थेट अंगावर. गावातल्या घरांनाही परंपरेने दारे नाहीत, नुसत्या चौकटी. कुत्रे आत शिरू नये म्हणून फार तर एखादी फळी आडवी लावतात. २०११ साली इथे युको बँकेची शाखा सुरू झाली, तीही ‘कुलपाविना शाखा’ म्हणून ओळखली गेली. लोक याचे कारण देवाचा धाक सांगतात. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते: दार काढले की राखणीचे काम माणसांच्या वागण्यावर येते.

पुण्याच्या सारसबागेतल्या दिवाळी पहाटेच्या मैफलीलाही हेच लागू पडते. नानासाहेब पेशव्यांच्या काळात पर्वतीच्या पायथ्याशी तळे झाले, तळ्यातल्या बेटावर बाग फुलली आणि १७८४ साली सवाई माधवरावांनी तिथे गणपती बसवला. तळे आता नाही, तरी तो ‘तळ्यातला गणपती’च राहिला. पेशव्यांच्या त्या बागेत आज कुणीही हिरवळीवर बसून गाणे ऐकू शकतो.

सभागृहात दार लावले की रस्ता बाहेर राहतो. बागेत तानपुऱ्याच्या सुरात पाखरांची किलबिल मिसळते, लांबून रिक्षाचा आवाज येतो. अशा वेळी शांतता राखायची कोणी? उशिरा आलेला माणूस चपला हातात घेऊन मागेच टेकतो. मूल रडू लागले की आई त्याला उचलून कडेला नेते. कोणी सांगितलेले नसते. ऐकणाऱ्यांनीच मैफलीला कुंपण घातलेले असते.

मात्र उघडी जागा आपोआप सर्वांची होत नाही. शिंगणापूरच्या त्याच चौथऱ्यावर स्त्रियांना पिढ्यान्‌पिढ्या मज्जाव होता. आंदोलन झाले, उच्च न्यायालयाने मंदिरप्रवेशाचा हक्क मान्य केला, तेव्हा ८ एप्रिल २०१६ रोजी, गुढीपाडव्याला, ती बंदी उठली. आणि दार नाही म्हणून विश्वास कायमचा टिकतो असेही नाही. अलीकडे या गावातही चोऱ्यांच्या तक्रारी झाल्या आहेत. म्हणजे मोकळेपणा एकदा मिळाला की संपले, असे नसते. तो रोज नव्याने सांभाळावा लागतो, आणि आत येणाऱ्या प्रत्येकाने सांभाळावा लागतो.

म्हणून यंदा पहाटेच्या गाण्याला बागेत जाल, तेव्हा फोन बंद ठेवा, मागून आलेल्याला सरकून जागा द्या आणि उठताना आपला कचरा उचला. सार्वजनिक बागेला याहून मजबूत दार नाही.