गरजेची हत्या आणि हौसेची हत्या

उपासक-उपासिकांनो,

प्राणिहत्येपासून अलिप्त राहण्याचे शील आपण वंदनेत नित्य ग्रहण करतो. मग पोटासाठी शिकार करणारा पापी काय, असा प्रश्न कोणी विचारला की पुष्कळजण गोंधळतात. पूज्य बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात याची उकल केली आहे. भगवंतांची अहिंसा हा आंधळा नियम नाही, ते तत्त्व आहे. गरजेपोटी मारणे वेगळे आणि मारण्याच्या इच्छेने मारणे वेगळे. हा भेद अमेरिकेच्या प्रेअरीवर पारखून पाहू.

प्रेअरी म्हणजे उत्तर अमेरिकेच्या मध्यभागातील अफाट गवताळ माळ. तेथे कोट्यवधी बायसन चरत असत. लाकोटा, शायेन आदी मूळनिवासी त्यांची शिकार करीत. मांस खात, कातड्याचे तंबू करीत, हाडांची अवजारे घडवीत. ती गरज होती.

मग आगगाडी आली. १८७१ च्या सुमारास बायसनच्या कातड्यापासून यंत्रांचे पट्टे करण्याची रीत निघाली आणि बाजार पेटला. व्यापारी शिकारी कातडे सोलीत, मांस माळावर कुजत टाकीत. कित्येक प्रवासी तर धावत्या गाडीतून करमणूक म्हणून गोळ्या झाडीत. १८८९ च्या मोजणीत हजारभरच बायसन उरले. त्यांच्याबरोबर मूळनिवासींचे अन्न गेले आणि ते सरकारी शिध्याचे मिंधे झाले. ज्याच्या हाती दुसऱ्याची भाकर, त्याच्या हाती त्याची मान! हे आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको.

पक्ष्यांचेही तेच झाले. प्रेअरीवरील रानकोंबड्या मारून पिंपांत भरून आगगाडीने शहरांच्या बाजारात जात. भगवंतांनी शस्त्र, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार उपासकाला वर्ज्य सांगितला, तो याचसाठी. तृष्णेला बाजार मिळाला की तिला तळ राहत नाही.

पुढे कायदे झाले. १९०० साली बेकायदा मारलेल्या प्राणिपक्ष्यांच्या आंतरराज्य व्यापारावर बंदी आली. १९१८ साली स्थलांतरी पक्ष्यांना संरक्षण मिळाले. १९३७ पासून बंदुका व काडतुसांवरील कराचा पैसा वन्यजीवांसाठी खर्च होतो. हे चांगलेच आहे. परंतु आजही तेथे काही शिकारगाहांत फेझंट पक्षी पिंजऱ्यात वाढवून केवळ बंदुकीसमोर उडविण्यासाठी सोडतात. कायद्याने संख्या राखली, इच्छा मात्र तशीच राहिली. कायदा हात आवरतो. मन आवरण्यासाठी शीलच लागते.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांत प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आहे. ती पाळण्यास प्रेअरीवर जावे लागत नाही. आपल्या मुलाच्या हाती गलोल दिसली तर त्याला रागावू नका. जवळ बसवून एवढेच विचारा : बाळ, त्या पारव्याला मारण्याची तुला गरज आहे, की नुसती इच्छा?

भवतु सब्ब मंगलं. जय भीम!